क्वालालंपूरचा याप आह लॉय: इंग्रजांच्या आधीचं सरकार

क्लांगकाठ (धागाकर्ता)

क्वालालंपूरला फिरायला येणाऱ्या आपल्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. जोड-मनोरे, बाटू केव्हज, ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावरचं जेवण आणि शेवटच्या संध्याकाळी पेटालिंग स्ट्रीटवर नकली पर्सची घासाघीस. यातलं ब्रिकफील्ड्स म्हणजे एका चिनी माणसाच्या वीटभट्ट्यांची जागा. आणि पेटालिंग स्ट्रीटच्या भागात त्याच माणसाचा टॅपिओकाचा (साबुदाण्याच्या कंदाचा) कारखाना होता.

त्याचं नाव याप आह लॉय. जन्म १४ मार्च १८३७, चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, हुइझोऊ भागातल्या गरीब हाक्का (दक्षिण चीनमधला एक समाज) घरात. मृत्यू १५ एप्रिल १८८५, क्वालालंपूरमध्ये. मधल्या ४८ वर्षांत खाणीवरचा आचारी, डुकरांचा व्यापारी, टोळीतला लढवय्या, खाणमालक, अफू-जुगाराचा मक्तेदार, न्यायनिवाडा करणारा 'कॅपिटन चीना' (चिन्यांचा मुखिया), आणि मेल्यावर देवळातला देव. इथल्या पर्यटन पत्रकांत त्याला 'क्वालालंपूरचा शिल्पकार' म्हणतात. पण शिल्पकार म्हटलं की हिशोब संपतो, आणि मला त्या हिशोबातच रस आहे.

१८५४ साली हा पोरगा मकावहून मलाक्क्याला आला. तिथे एका कथलाच्या खाणीवर आणि मग एका नातेवाइकाच्या दुकानात काही काळ काढला. बहुधा लक्षण बरं दिसेना म्हणून परत चीनला धाडायचं ठरलं. सिंगापूरहून जहाज पकडायचं होतं. पठ्ठ्याने वाटखर्चीचे पैसे जुगारात उडवले आणि जहाज गेलं, असं सांगतात. पुढे याच माणसाने जुगाराच्या मक्त्यावर शहर चालवलं.

तिथून तो लुकुटच्या खाणींवर गेला आणि तिथे आचारी झाला. या नोकरीला कमी लेखू नका. खाणीवर कोणाची उधारी किती, कोण आजारी, कुठल्या मालकाकडे तांदूळ संपत आलाय, हे सगळं आधी चुलीपाशी कळतं. साठलेल्या पैशांतून त्याने डुकरांचा धंदा सुरू केला. जंगलातल्या खाणींवर जिवंत डुकरं हाकत न्यायची आणि बदल्यात कथील घ्यायचं. रोकड कोणाकडेच नसायची, त्यामुळे जाताना एक नफा आणि येताना दुसरा. फिरतीमुळे प्रत्येक खाणीवर ओळखी झाल्या त्या वेगळ्याच.

धंद्याच्या वाटेने तो सुंगाई उजोंगला पोचला. तिथल्या चिन्यांचा मुखिया कॅपिटन शिन. त्याच्या पदरी लिऊ न्गिम कोंग नावाचा सरदार होता, त्याची आणि यापची दोस्ती जमली. १८६० मध्ये तिथे लढाई पेटली, शिन मारला गेला, याप जखमी झाला. दुसऱ्याच वर्षी तिथलं कॅपिटनपद यापकडे आलं. वय २४. पण १८६२ मध्ये ते सोडून तो लिऊच्या बोलावण्यावरून नव्या वस्तीत आला, गोम्बाक आणि क्लांग नद्यांच्या संगमावर. म्हणजे क्वालालंपूरला.

त्या वस्तीचं वय तेव्हा पाच वर्षं. १८५७ साली क्लांगच्या राजा अब्दुल्लाने मलाक्क्याच्या व्यापाऱ्यांकडून ३०,००० डॉलर उभे करून ८७ चिनी खाणकामगार नदीतून वर पाठवले. महिनाभरात त्यातले ६९ हिवतापाने मेले. राजाने आणखी माणसं पाठवली. कथील तसंच होतं ना! युरोप-अमेरिकेत डबाबंद अन्नाचा जमाना सुरू झाला होता आणि डब्याच्या पत्र्याला कथलाचा मुलामा लागतो.

खाण म्हणजे बोगदा नव्हे, उघडा खड्डा. जंगल तोडायचं, वरची माती काढायची, खाली कथलाची खडी लागेपर्यंत खणायचं. खड्डा पाण्याने भरणारच. ते उपसायला लाकडी फळ्यांची माळ, पाणचक्कीवर फिरणारी. खांद्यावर कावड, कावडीला दोन टोपल्या, आणि वर यायला शिडी म्हणजे एकच झाडाचं खोड, पायाच्या बोटांपुरत्या खाचा पाडलेलं. खडी पाटाच्या पाण्यात धुवायची, कोळशाच्या भट्टीत वितळवायची, विटा पाडायच्या आणि होडीतून क्लांग बंदराला. जंगल कापलेलं, जागोजागी साचलेलं पाणी. डासांना आणखी काय हवं?

आता पैशाचं चक्र बघा. मलाक्का-सिंगापूरचा व्यापारी खाणमालकाला तांदूळ, तेल, अफू उधारीवर देणार. मालक तेच चढ्या भावाने मजुराच्या नावावर मांडणार. कथील विकलं गेलं की हिशोब. बहुतेकांच्या हाती शून्य किंवा उणे, म्हणजे पुढच्या हंगामाला तोच मजूर. या साखळीत सर्वांत जास्त नफा कशात? अफूत. कंबरभर पाण्यात दिवस काढलेल्या माणसाला रात्री ती लागायचीच. मजुरी एका खिशातून जायची आणि अफू-जुगार-दारूच्या मक्त्यातून दुसऱ्या खिशात परत यायची. १८६८ मध्ये क्वालालंपूरचा दुसरा कॅपिटन लिऊ मेला, याप तिसरा झाला, आणि दोन्ही खिसे त्याचेच झाले.

नेमका तेव्हाच सेलांगोरमध्ये (क्वालालंपूर ज्यात होतं त्या राज्यात) मलय राजघराण्यातला झगडा रंगात आला होता (१८६७ ते १८७३). एका बाजूला राजा महदी, दुसरीकडे सुलतानाचा जावई तंकू कुदिन. वाद क्लांग नदीवरच्या जकातीचा. चिन्यांतही फूट होतीच. हाक्कांमधलेच दोन गट, वेगवेगळ्या जिल्ह्यांचे, एकमेकांच्या जिवावर उठलेले. याप कुदिनच्या बाजूने. १८७२ मध्ये शहर पडलं. आज जिथे केएल टॉवर आहे त्या बुकित नानास टेकडीवर कुदिनचे भाडोत्री युरोपीय अधिकारी होते, ते पकडले जाऊन मारले गेले. याप क्लांगला निसटला. मार्च १८७३ मध्ये शेजारच्या पहांग राज्याच्या फौजेच्या मदतीने शहर परत घेतलं, तेव्हा घरं जळालेली, खाणी पाण्याने भरलेल्या, माणसं पांगलेली, आणि यापच्या डोक्यावर व्यापाऱ्यांचं डोंगराएवढं कर्ज.

माझ्या मते हा माणूस इथे कळतो. दुसरा कोणी उरलंसुरलं गोळा करून मलाक्क्याला निघून गेला असता. याने आणखी कर्ज काढलं, माणसं परत आणली, खाणी उपसल्या. त्यात कथलाचे भाव पडले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो दिवाळखोरीच्या काठावर होता. १८७९ मध्ये भाव चढला आणि वाचला. दूरदृष्टी म्हणा की निघून जायची सोयच उरली नव्हती म्हणा.

इंग्रज कधी आले? १८७४ च्या पांगकोर करारानंतर मलय सुलतानांच्या दरबारी 'सल्लागार' रेसिडेंट बसू लागले. सेलांगोरचा पहिला रेसिडेंट डेव्हिडसन, १८७५. हा मूळचा सिंगापूरचा वकील. युद्धात त्याने याच तंकू कुदिनला पैसे पुरवले होते आणि बदल्यात कथलाच्या सवलती मिळवल्या होत्या. म्हणजे सावकारच पुढे सल्लागार होऊन आला. १८८० मध्ये रेसिडेंटचं ठाणं क्लांगहून क्वालालंपूरला हललं. का? कारण पैसा तिथे होता. बाजार होता, खाणींपर्यंत रस्ते होते, तुरुंग होता, आजाऱ्यांसाठी आसरा होता. हे सगळं सरकार नावाची वस्तू तिथे पोचायच्या आधी एका कर्जबाजारी अफू-मक्तेदाराने उभं केलं होतं. इंग्रज वाढलेल्या पानावर बसले. 'इंग्रजांनी वसवलेलं शहर' हे वाक्य ऐकलं की म्हणून माझं डोकं फिरतं.

लिहा बिनधास्त.

सुपारीचं_खांड

वा! निवांत वाचला. आचारी म्हणजे खाणीची खबर ठेवणारा, हे पटलं. पुढचा भाग येणार का?

अण्णा_सातपूरकर

धागा उत्तम, पण शेवटाकडे तुमचा यापवर जीव जडलेला दिसतोय. मजुराला उधारीत अडकवायचं, त्यालाच अफू विकायची, त्याच पैशातून आजाऱ्यांसाठी खोल्या बांधायच्या आणि वर 'आसरा' म्हणून कौतुक करून घ्यायचं. आजारी कोणामुळे पडली ती माणसं? रस्ते खाणीपर्यंतच का गेले? कथील बाहेर काढायला. यात समाजसेवा मला दिसत नाही. आमच्याकडे कोकणात खोत होते, तेही विहिरी बांधायचे.

आणि न्यायनिवाडा म्हणजे नक्की काय करायचा हो?

क्लांगकाठ

अण्णा, खोताची तुलना बरीचशी लागू पडते. फरक इतकाच की खोताच्या मागे सरकार उभं असायचं. यापच्या मागे १८७४ पर्यंत कोणीही नव्हतं, सुलतानाचा शिक्का सोडला तर. त्याचं पोलीस दल सहा माणसांचं आणि तुरुंग साठ कैद्यांचा, असं नोंदलेलं आहे. एवढ्या बळावर हजारो तरुण, एकटे, अफूबाज, हत्यारबंद पुरुष काबूत ठेवायचे.

शिक्षांबद्दल जे सांगतात ते असं: पहिल्या चोरीला चोरलेली वस्तू अंगावर बांधून बाजारातून धिंड. दुसऱ्या चोरीला कान कापायचा. तिसऱ्यांदा सापडला तर गळा. युद्धात तर त्याने शत्रूच्या शिरांवर रोख इनाम लावलं होतं. मी याला समाजसेवक म्हटलेलं नाही. सरकार म्हटलंय. सरकारं अशीच असतात, सुरुवातीला तरी.

मधुरा_जो

सगळ्या धाग्यात एकही बाई नाही. त्या गावात खरंच नव्हत्या की तुम्ही गाळल्या?

क्लांगकाठ

मधुराताई, फार थोड्या होत्या. चीनहून येणारे जवळपास सगळे पुरुष, पैसे कमावून परत जायच्या बेताने आलेले. यापचं लग्न १८६५ मध्ये मलाक्क्यात झालं. बायको कोक कांग केओन. मलाक्क्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेली चिनी घराणी होती, खाणीवाल्यांना सोयरीक करायची तर तिकडेच जावं लागे.

बाकीच्या बायका बहुतांशी कुंटणखान्यांत. अनेकजणी चीनमधून विकत आणलेल्या किंवा फसवून आणलेल्या मुली. जुगाराचे अड्डे, अफूची दुकानं आणि हे धंदे एकाच बाजार चौकाभोवती होते आणि त्यांचा पैसा यापपर्यंत पोचत होता. हे लिहायला हवंच होतं, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. सिंगापूरमध्ये १८७७ ला पिकरिंग नावाच्या, चिनी भाषा येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली चिन्यांसाठी वेगळं 'प्रोटेक्टोरेट' खातं निघालं. नव्याने उतरलेले मजूर आणि विकलेल्या मुली हे त्याच्या कामात मोडायचं. पण ते सिंगापूरला. जंगलातल्या खाणगावात ती झळ पोचायला वेळ लागला.

फोंडेकर

या कॅपिटन प्रकाराला गोव्याचा धागा आहे, आणि गोंयकार म्हणून तो ओढल्याशिवाय राहवत नाही. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी तो मलाक्क्यावर चालून गेला. मलाक्का पडलं आणि १६४१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिलं, मग डच, मग इंग्रज. बंदरात गुजराती, तमिळ, जावी, चिनी असे नाना जातींचे व्यापारी. प्रत्येक समाजावर त्यांच्यातलाच एक मुखिया नेमायचा आणि कर, भांडणतंटे त्याच्या गळ्यात घालायचे, ही पद्धत सुलतानांच्या काळातही होती. पोर्तुगीजांनी ती उचलली, डचांनी पक्की केली. बटाव्हियात (आजचं जकार्ता) तर डचांनी चिन्यांचे लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असे हुद्देच ठेवले होते.

राज्य करायचं पण माणसं ओळखायची नाहीत, असा कारभार असला की मधला माणूस लागतोच. आमच्याकडेही पोर्तुगीजांनी गावकऱ्यांकडूनच वसुली करून घेतली.

दुपारची_झोप

बाळबोध प्रश्न. सुलतान होता, त्याचे राजे होते, मग चिन्यांचा वेगळा राजा त्यांनी चालवून कसा घेतला? पुढे इंग्रजांनीही कसा घेतला?

क्लांगकाठ

सुलतानाला जकात मिळाल्याशी कारण. चिनी भाषा येत नाही, टोळ्यांच्या शपथा-बिपथा कळत नाहीत, जंगलात शिरून हिवताप घ्यायची हौस नाही. नदीच्या तोंडाशी बसायचं, प्रत्येक होडीतल्या कथलावर वसुली करायची. म्हणूनच सगळा झगडा क्लांगच्या मुखासाठी होता, क्वालालंपूरसाठी नंतर.

इंग्रजांचंही सुरुवातीला तेच. रेसिडेंटच्या हाताखाली माणसं मोजकी. १८७७ मध्ये सेलांगोरची राज्य परिषद झाली, तीत चिन्यांच्या वतीने यापला बसवलं. मक्ते लिलावाने द्यायचे, पैसे आगाऊ घ्यायचे, वसुलीची कटकट मक्तेदाराची. सरकारी तिजोरीचा मोठा हिस्सा या अफू-जुगार-दारूच्या मक्त्यांतूनच भरायचा. म्हणजे अण्णांचा आरोप यापपुरता ठेवून चालणार नाही. तो अफू विकायचा, सरकार त्याला अफू विकायचा हक्क विकायचं.

रत्नांग्रीकर

यात एक भारतीय बाजू राहतेय. याप १८५४ मध्ये मलाक्क्यात उतरला तेव्हा ते बंदर कंपनी सरकारचं होतं आणि त्याचा कारभार कलकत्त्याहून चालायचा. सिंगापूर, पिनांग, मलाक्का ही तिन्ही १ एप्रिल १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच खात्यात. मग ती लंडनच्या वसाहत खात्याकडे गेली. अंदमानची वसाहत सुरू होण्याआधी आपल्याकडचे काळ्या पाण्याचे कैदी तिकडेच जायचे. त्यात मुंबई इलाख्यातलेही होते. सिंगापूरचे रस्ते आणि बऱ्याच सरकारी इमारती या कैद्यांच्या हातच्या.

आणि ती अफू? ती काही मलायात पिकत नव्हती. बहुतांशी कलकत्त्याहून, पाटणा-बनारसची. माळव्याची मुंबईहून चीनकडे निघायची. आपल्या मुंबईच्या कितीतरी जुन्या धर्मादाय इमारतींच्या पायात तो पैसा आहे. सर जमशेटजी जीजीभॉय चीनच्या व्यापारात, अफूसकट, मोठे झाले आणि त्यांनी दवाखाने-शाळा दिल्या. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट केलं. यापला बॅरोनेट कोणी केलं नाही, एवढाच काय तो फरक.

अण्णा_सातपूरकर

रत्नांग्रीकर, "एवढाच फरक" नाही हो. जमशेटजींचा गिऱ्हाईक समुद्रापार. यापचा गिऱ्हाईक त्याच्याच खड्ड्यात उभा होता. तो त्याच्याच जिल्ह्यातला, त्याचीच बोली बोलणारा, कदाचित त्याच्याच आडनावाचा. आपल्याच माणसाला लुटायचं आणि त्याचा पुढारी म्हणून मिरवायचं, मला हे जास्त टोचतं.

रत्नांग्रीकर

मुद्दा मान्य. पण त्या माणसालाही दुसरीकडे जायला जागा कुठे होती? दाराशी वाघ, शेजारी शत्रू टोळी. कॅपिटनच्या छत्राखाली निदान मेल्यावर पुरायला कोणी होतं. टोळी म्हणजे विमा, पंचायत, स्मशान समिती सगळं एकात. हाय सान काय, घी हिन काय, आज आपण गुप्त टोळ्या म्हणून मोकळे होतो, पण नव्याने उतरलेल्या पोराला पहिली ओळख तिथेच मिळायची.

जुनी_वही

वीटभट्ट्यांबद्दल थोडी भर. सगळीकडे गोष्ट अशी सांगतात: १८८१ मध्ये आधी आग लागली, मग पूर आला, लाकूड-झापांचं गाव गेलं. १८८२ मध्ये फ्रँक स्वेटनहॅम रेसिडेंट झाला आणि घरं विटा-कौलांची बांधा असा हुकूम काढला. मग यापने जागा घेऊन भट्ट्या घातल्या. पण इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी १८७९ च्या सुरुवातीला या मुलखातून गेली. तिच्या वर्णनात याप आह लॉय आहे, आणि त्याने विटांचा उद्योग सुरू केल्याचा उल्लेखही आहे. खाणी, वीटकाम आणि मळे मिळून त्याच्याकडे ४,००० च्या वर माणसं कामाला, टॅपिओकाचा मळा त्या राज्यात सर्वांत मोठा, यंत्रं उत्तम, असं ती लिहिते. म्हणजे हुकुमामुळे गिऱ्हाईक वाढलं असेल, विटा आधीच पडत होत्या. वाढलेल्या पानाच्या तुमच्या मुद्द्याला हा पुरावाच झाला.

उलट एक टोचणीही देते. 'इंग्रजांनी नव्हे, यापने वसवलं' हेही पूर्ण खरं नाही. यापच्या आधी दोन कॅपिटन होऊन गेले, पहिला हिऊ सिऊ. आणि हिऊ सिऊच्याही आधी तिथे सुमात्राहून आलेले मांडायलिंग व्यापारी होते, त्यांचा म्होरक्या सुतान पुआसा. मलेशियात यावरून अजून वाद पेटतो. कोणी राजा अब्दुल्ला म्हणतं, कोणी सुतान पुआसा, कोणी याप. शाळेच्या पुस्तकात कोणाला किती ओळी, यावरही भांडणं. तिथे संस्थापक कोण हा इतिहासाचा प्रश्न राहत नाही, आज शहर कोणाचं हा होतो.

क्लांगकाठ

बर्डबाईंचा दाखला झकास! 'संस्थापक' शब्द मी मुद्दाम टाळला होता, तो या वादामुळेच. १८५७ चे ८७ जण हेच कोणाला संस्थापक वाटत नाहीत, याचं नवल वाटतं. त्यांची नावंही राहिली नाहीत.

टॅपिओकाची पुढची गोष्ट मात्र दुःखी आहे. कथील कधीतरी संपणार आणि शेतीशिवाय शहर टिकत नाही, असं याप धरून होता. मोठी जमीन घेतली, विलायती यंत्रं आणली, कर्ज काढलं. धंदा बुडाला. जमिनीत काय पेरायचं याचं खरं उत्तर तो गेल्यावर मिळालं: रबर. त्याचा मलायातला जोर विसाव्या शतकातला.

तांब्याची_कळशी

जरा अवांतर. आजीच्या घरी कल्हईवाला यायचा. भाता, नवसागराचा धूर, कापसाचा बोळा फिरला की काळं पातेलं चांदीसारखं. ते कथील कुठून यायचं असा विचार कधी केला नव्हता. मलायाचं कथील भारतात फार पूर्वीपासून यायचं ना?

रत्नांग्रीकर

हो. मध्ययुगापासून. आपल्याकडे कथलाचे साठे नगण्य, त्यामुळे मलायाकडूनच आणावं लागे. अरब प्रवाशांच्या लिखाणातही तिकडच्या कथलाचे उल्लेख सापडतात.

दुपारची_झोप

अजून एक. इंग्रज १८८० ला येऊन बसल्यावर यापचं काय झालं? हाकलला?

क्लांगकाठ

हाकलायची गरजच पडली नाही. नकाशा बघा म्हणजे कळेल. नदीच्या पूर्वेला बाजार चौक, आजचा मेदान पासार. तिथे यापचं घर, जुगाराची शेड, दुकानं. इंग्रजांनी मुद्दाम पश्चिमेचा काठ घेतला. तिथे टेकडीवर रेसिडेंट, खाली कवायतीचं मैदान (आजचं मर्डेका चौक), आणि पुढे १८९७ मध्ये तिथेच ती घुमटांची मोठी सरकारी इमारत झाली. मधे नदी. सुरुवातीला रेसिडेंटला काही हवं असलं तर यापला सांगावं लागे. गावातली जमीन, घरं, दुकानं मोठ्या प्रमाणात त्याच्या नावावर.

मग हळूहळू एकेक गोष्ट नदी ओलांडून गेली. आधी पोलीस, मग न्याय, मग जमिनीचे दाखले, मग रस्ते कुठून काढायचे हा निर्णय. स्वेटनहॅमच्या हुकुमाने बाजार नीट आखून पक्का बांधायचा झाला, खर्च अर्थात मालकांचा. याप भांडला नाही. त्याला परिषदेत खुर्ची होती, मक्ते होते, मान होता. १८८४ मध्ये त्याने चिनी मुलांसाठी शाळा काढली, ती क्वालालंपूरमधली पहिली. पुढच्या वर्षी मेला. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, क्लांगच्या दिशेने रेल्वे सुरू झाली. होडीने कथील न्यायचे दिवस संपले. नदीवर बसून सत्ता चालवायचा काळही.

त्याच्यानंतर याप आह शाक कॅपिटन झाला, मग याप क्वान सेंग. क्वान सेंग १९०२ मध्ये गेल्यावर नेमणूकच झाली नाही, पद गेलं. चिन्यांचं काम बघायला सरकारी खातं आलं होतं.

मधुरा_जो

म्हणजे मक्ता चालू होता तोवर मान, आणि खातं उघडल्यावर पदच बाद. अगदी व्यवस्थित निवृत्ती.

सुपारीचं_खांड

पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने केएलला येतोय. यापचं काही बघण्यासारखं शिल्लक आहे का? संग्रहालय वगैरे?

क्लांगकाठ

सिन झे सी या देऊळ बघा. बाजाराजवळ, लेबुह पुडूच्या मागच्या बाजूला, पासार सेनी स्टेशनपासून चालत. १८६४ चं आहे, यापच्या पुढाकाराने बांधलेलं. देऊळ रस्त्याला तिरकं आहे, फेंगशुईसाठी. मुख्य दैवत कॅपिटन शिन, तोच सुंगाई उजोंगला मारला गेलेला. त्याला मारलं तेव्हा पांढरं रक्त आलं अशी आख्यायिका आहे. म्हणजे यापने आपल्या पडलेल्या साहेबाला देव केलं आणि पुढे त्याच देवळात लोकांनी यापला बसवलं. त्याची मूर्ती आहे, उदबत्त्या लागतात, परीक्षेच्या दिवसांत शाळकरी पोरंही दिसतात. फोटोत तो रुबाबदार मँडरीनच्या (चिनी दरबारी अधिकाऱ्याच्या) पोशाखात असतो.

जालान याप आह लॉय नावाचा रस्ताही आहे, पण एवढासा की शोधताना पुढे निघून जाल. गंमत म्हणजे त्याच्यामागून आलेल्या क्वान सेंगच्या नावाचा रस्ता लांबलचक, थेट जोड-मनोऱ्यांजवळ.

अण्णा_सातपूरकर

देऊळ ठीक आहे. पण सुपारीराव, जमलं तर आम्पांगकडेही चक्कर मारा. ते ८७ जण तिकडेच गेले होते. बघण्यासारखं काही नसेल, फ्लॅट आणि मॉल असतील. तरी जा.

जुनी_वही

क्लांगकाठ, याप क्वान सेंग आणि त्याच काळातला लोक यू यांच्यावर वेगळा धागा काढा. लोक यू तर पोरवयातच सिंगापूरच्या दुकानात कामाला लागला आणि मलायातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मेला. रबराची बाजू तिथे नीट येईल.

क्लांगकाठ

काढतो. थोडं वाचून होऊ दे.